थंडीचं सोडा, दमटपणाचं बघा

अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स सोडून इकडे नॉर्थ कॅरोलिनात रॅलेला येताय, तयारी काय करू विचारलंत, तर वरच्या उत्तरांत सगळे जाडी जॅकेटं कुठली घ्यायची तेच सांगतायत. जॅकेटाचं होईल हो काहीतरी! २०२३ मध्ये सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट (साधारण ४३ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त तापमान सोसलेल्या माणसाला रॅलेचा जानेवारी काय करणार?

खरा फरक हवेतल्या पाण्याचा. इथे रॅलेत जुलैत पारा नव्वदीतच (फॅरनहाइट) असतो, पण घाम वाळत नाही. घर घेताना बरीच घरं जमिनीपासून थोडी वर बांधलेली दिसतील, खाली रांगत जाण्याइतकी पोकळी. किचनच्या ग्रॅनाइटवर भाळण्याआधी इन्स्पेक्टरला त्या पोकळीत पाठवा. मातीवर अंथरलेलं प्लास्टिक फाटलंय का, तुळयांना बुरशी आहे का, वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतायत का, फोटोच मागा. फिनिक्सच्या सिमेंटच्या जोत्यावरल्या घरात ही भानगडच नव्हती.

मार्चअखेरीला गाडीवर, खिडकीत पिवळी भुकटी साचेल. ते पाइनचे पराग. दिसायला भयंकर, पण शिंका बहुतेक त्याच वेळी फुलणाऱ्या ओकच्या न दिसणाऱ्या परागांनी येतात. अ‍ॅलर्जीची गोळी आधीच सुरू करायची का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

कढीपत्त्याची कुंडी साधारण ऑक्टोबर संपताना आत घ्या. कुरडया मात्र आत्ताच फिनिक्सच्या उन्हात वाळवून घेऊन या, इथे नाही जमत.

आणि हो, अ‍ॅरिझोनात उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढेमागे करत नाहीत, इथे करतात. भारतात आईला फोन करताना उन्हाळ्यात साडेनऊ तास धरा, हिवाळ्यात साडेदहा.