मदत हवी आहे: वारंवार गर्भपात, पीजीटी-ए करावी का?

शेवंती
धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ३७. लागोपाठ ३ गर्भपात, तिन्ही ७ ते ९ आठवड्यांत. दोघांचेही कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) नॉर्मल. दिवस आपोआप राहतात, त्यात अडचण नाही. आता आयव्हीएफ करून भ्रूणांची पीजीटी-ए (गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाच्या गुणसूत्रांची संख्या तपासणं) करा असा सल्ला मिळालाय. एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) १.४, म्हणजे बीजं बेताचीच मिळतील. ही तपासणी नेमकं काय पकडते? भ्रूणाला इजा होते का? आणि 'मोझेइक' आलं तर ते भ्रूण बाद समजायचं?

गुणसूत्र४६
आधी उलटा प्रश्न. पडलेल्या गर्भाच्या पेशींची गुणसूत्रं कधी तपासली का? पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याहून थोड्या जास्त गर्भपातांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. पीजीटी-ए तेवढंच टाळू शकते. गर्भ गुणसूत्रांनी नॉर्मल असूनही पडत असेल, तर कारण दुसरीकडे आहे. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल वाढवणाऱ्या; पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा), टीएसएच (थायरॉइडसाठी), आणि गर्भाशयात पडदा आहे का हे पाहायला थ्रीडी सोनोग्राफी, एवढं झालंय ना?

शेवंती
अँटिबॉडीज, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. गर्भाचा नमुना एकदाच पाठवला होता, तोही फॉर्मॅलिनमध्ये. रिपोर्टात फक्त 'गर्भपेशी आढळल्या'.

गुणसूत्र४६
फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, त्यामुळे कल्चर करून कॅरिओटाइप होत नाही. पण पॅथॉलॉजीकडे त्याचा पॅराफिन ब्लॉक असेल. त्यातून डीएनए काढून मायक्रोअरे (डीएनएवरून गुणसूत्रं तपासायची पद्धत) करता येतं का, विचारा. पुढे कधी वेळ आलीच तर नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये द्यायचा. आणि रिपोर्ट '४६, एक्सएक्स' (नॉर्मल, मुलगी) आला की लगेच विश्वास ठेवू नका, त्यात आईच्याच पेशी मिसळलेल्या असू शकतात. आईच्या रक्ताशी डीएनए ताडून पाहिलाय का ते विचारायचं.

पेट्रीडिश
इजेबद्दल. बायोप्सी ५व्या ते ७व्या दिवशी, ब्लास्टोसिस्ट अवस्थेत (भ्रूणाचे आतला पुंजका आणि बाहेरचा थर असे भाग पडल्यावर) होते. वार ज्यापासून बनते त्या बाहेरच्या थरातून ५ ते १० पेशी घेतात, बाळ ज्यापासून घडतं त्या आतल्या पुंजक्याला हात लावत नाहीत. मग भ्रूण गोठवायचं आणि रिपोर्ट आल्यावर पुढच्या एखाद्या पाळीत गर्भाशयात सोडायचं. सरावलेल्या हातांत धोका कमी, शून्य नाही. फलन बहुधा इक्सीने (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडून) करतात, म्हणजे बीजाला चिकटलेल्या जादा शुक्राणूंचा डीएनए नमुन्यात येत नाही.

खरी अडचण गळतीची आहे. समजा ८ बीजं मिळाली. त्यातली ६ पक्व, ४ फलित, ब्लास्टोसिस्टपर्यंत २. सदतिशीत त्यातलं एखादं नॉर्मल निघेल, कदाचित एकही नाही. काही नमुन्यांचा निकालच लागत नाही, मग भ्रूण वितळवून पुन्हा बायोप्सी.

अवांतर
इथेच माझा मतभेद. पीजीटी-ए भ्रूण सुधारत नाही, फक्त निवडते. सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे गर्भपात कमी होतात, पण सुरू केलेल्या आयव्हीएफ सायकलमागे बाळ हाती येण्याचं प्रमाण वाढतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जिला दिवस आपोआप राहतात तिच्यासाठी प्रयत्न चालू ठेवणं हाही खरा पर्याय आहे. आणखी एक गर्भपात सोसवणार नाही असं तिला वाटत असेल तर मात्र तपासणीला अर्थ आहे. हे तिनेच ठरवायचं. (दोघांपैकी कुणाला ट्रान्सलोकेशन, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, असतं तर चर्चा वेगळी झाली असती, तिथे अशा रचनादोषांसाठीची पीजीटी-एसआर तपासणी लागते.)

पेट्रीडिश
मान्य. आता मोझेइक. घेतलेल्या पेशींपैकी काही नॉर्मल, काही सदोष असं वाचन. बऱ्याच लॅब २० टक्क्यांखाली नॉर्मल, ८० च्या वर सदोष, मधलं मोझेइक धरतात. हा आकडा त्या घेतलेल्या मोजक्या पेशींचा, अख्ख्या भ्रूणाचा नव्हे, शिवाय यंत्रातला गोंगाटही कधी मोझेइकसारखा दिसतो. म्हणून सरसकट फेकू नये. आधी नॉर्मल सोडायचं, ते नसेल तर जनुकीय समुपदेशकाशी बोलून कमी प्रमाणाचं मोझेइक. अशा भ्रूणांपासून निरोगी बाळं झालेली आहेत. गर्भ राहिला तर १५ आठवड्यांनंतर अम्निओसेंटेसिस (गर्भजल काढून तपासणी). एनआयपीटीवर (आईच्या रक्तातून होणारी गर्भाची तपासणी) थांबू नका, कारण तीही मुख्यतः वारेचाच डीएनए वाचते.

बायोप्सीच्या आधीच लॅबला विचारून घ्या: मोझेइक टक्क्यांसकट कळवणार का, ट्रिप्लॉइडी (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच) ओळखता येते का (साध्या पद्धतीत ती निसटू शकते), आणि निकाल न लागलेल्या भ्रूणाचं काय करणार.