मदत हवी आहे: बेतुल ते गालजीबाग, आईबाबांना घेऊन

मंडळी, डिसेंबरात साताऱ्याहून आईबाबा फोंड्याला येताहेत. कळंगुट-बागाची गर्दी त्यांना सोसणार नाही, म्हणून दक्षिण गोव्याचा किनारा धरायचा विचार आहे: मडगाव, बेतुल, मग डोंगरातल्या रस्त्याने काब द राम, आगोंद, पाळोळे आणि जमलं तर तळपण-गालजीबाग.

बाबांना किल्ल्यांचं वेड. बेतुलचा किल्ला शिवरायांच्या काळातला, १६७९चा, म्हटल्यावर त्यांनी आत्ताच पिशवी भरायला घेतली आहे! काब द रामचा किल्ला तर सोंध्याच्या राजाकडून पोर्तुगीजांनी घेतलेला. आत अजून चर्च आहे. पण आईचे गुडघे दुखतात. गाडी दरवाजापर्यंत जाते का? आत चालणं किती? बसायला सावली?

दुसरं, साळ नदीच्या मुखाशी बेतुलच्या जेटीवर होड्या साधारण किती वाजता लागतात? आईला ताजे बांगडे स्वतः निवडून घ्यायचे आहेत. (भाव तीच करणार, मी लांब उभा राहीन.) दिवसभर गाडीत मासळी टिकवायची तर बर्फ तिथेच मिळेल का?

गालजीबागला कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामात किनाऱ्यावर कुठवर जाऊ देतात? आणि हे सगळं एका दिवसात कोंबू, की आगोंदला मुक्काम करू? शांत, घरगुती जागा सुचवा.