देवावर 'हवाला' ठेवायचा म्हणजे नेमकं काय?

जिंतूरकर
नमस्कार मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे पण जरा लांबून सांगतो. आमच्याकडं मृगात बरा पाऊस झाला म्हणून बाबांनी घाई करून सोयाबीन पेरलं, त्यानंतर वीसेक दिवस आभाळ नुसतं येऊन जायलं, उगवलेलं सगळं करपलं. आता दुबार पेरणी. बहिणीचं लग्न दिवाळीनंतर धरलेलं होतं ते या सोयाबीनच्याच जीवावर, तेही पुढं गेल्यात जमा. मी इकडं पुण्यात बसून फोनवर बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं असा हिशोब लावायलो आणि बाबा एकदम शांत, म्हणले "आता त्याच्यावर हवाला." मला हवाला म्हणजे पेपरात येतो तो काळ्या पैशाचाच माहीत, नाहीतर बातम्यांत 'सूत्रांच्या हवाल्याने' म्हणतात तो. देवापाशी हा शब्द कुठून आला? आणि याचा अर्थ हात टेकले असाच घ्यायचा का?

तुरीवाला_लातूर
हात टेकले असंच दादा, दुसरं काय. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. शब्द कोणताबी लावा.
आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं, ऐकतंय कोण. आम्हीबी नाही ऐकत म्हणा.

निवृत्त_मास्तर_उदगीर
तुरीवाले, थांबा जरा. खाटल्यावरी वेगळं आणि हवाला वेगळा.
मूळ अरबी 'हवाला', फारसीतून आपल्याकडं आला. निजामाच्या कचेरीत आधी फारसी मग उर्दू, १९४८ पर्यंत तोच कारभार, त्यामुळं आपल्या बापजाद्यांच्या तोंडात हे शब्द जास्तच मुरलेत. अर्थ मात्र पक्का व्यवहारातला आहे. समजा मी तुमचं देणं लागतो. मी म्हणलो, तुमचे पैसे त्या अमक्याकडून घ्या, आणि तुम्ही नि तो अमका दोघं कबूल झालात, की देणं त्याच्या अंगावर गेलं आणि मी सुटलो. हा हवाला. काळ्या पैशाचा धंदा याच्यावरूनच, एका गावात पैसे द्यायचे आणि दुसऱ्या गावात दुसऱ्यानं ते चुकते करायचे. हवाली करणं म्हणजे ताब्यात देणं. किल्ला ज्याच्या हवाली तो हवालदार, शिवकाळात हे पद फार मोठं होतं, आजच्या हवालदारावरून अंदाज करू नका. बातमीतला हवाला पण तोच, खरंखोटं त्या सूत्राच्या अंगावर, आम्ही मोकळे.
म्हणून तुमचे वडील 'संपलं सगळं' म्हणत नाहीयेत. ते म्हणतायत हे देणं आता त्याच्या नावावर टाकलं.

पैठणची_लेक
मास्तर किती सुंदर. मला एकदम दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याला दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना वाटून मोकळे झाले, बेदरहून बोलावणं आलं, आणि विठ्ठल विठू महार होऊन दरबारात जाऊन सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला अशी गोष्ट सांगतात ना. हा तर चोख हवाला झाला की!

निवृत्त_मास्तर_उदगीर
लाख बोललात ताई. आणि यात बघा, कोठाराचं कुलूप दामाजीपंतांनी स्वतः काढलं, ते काही विठ्ठलानं येऊन काढलं नाही. खाटल्यावरीवाल्यानं इथं लक्ष द्यावं 😄

तुरीवाला_लातूर
दिलं मास्तर दिलं. पण विठ्ठल कबूल झाला का नाही हे कळायचं कसं? तुम्हीच म्हणलात दोघांची कबुली लागते म्हणून.

निवृत्त_मास्तर_उदगीर
तेवढं मात्र व्याकरणात बसत नाही 🙏

औरंगपुरा_वाला
मास्तरांनी मूळ धातू सांगितला नाही तो मी सांगतो, आमच्या घरी उर्दू बोलतात. अरबी धातू आहे ह-व-ल, अर्थ बदलणं, पालटणं, एकीकडून दुसरीकडं जाणं. याच धातूचा 'हाल' म्हणजे स्थिती, कारण स्थिती बदलत राहते, आणि हालचं अनेकवचन 'अहवाल', तुमच्या सरकारी फायलीतला. आमच्या दादी काही विपरीत झालं की 'लाहौल' म्हणायच्या, पूर्ण वाक्याचा अर्थ साधारण असा की अल्लाहशिवाय कुणाकडं ना काही पालटायची ताकद ना बळ. त्यातला हौल हाच. म्हणजे बेत पालटला तेव्हा जिंतूरच्या काकांच्या तोंडून जो शब्द आला त्याच्या पोटातच 'पालटणं' आहे. मला तर वाचता वाचता काटा आला अंगावर.

नांदेडी
मग हवालदिल पण यातलाच का? मन देवाच्या हवाली केलं म्हणून?

औरंगपुरा_वाला
नाही भाऊ, तो निराळा. अरबीत 'ह' दोन आहेत, मराठीत येताना दोन्हीचा एकच झाला. हवालदिलमधला हौल म्हणजे धास्ती, हौल-दिल म्हणजे काळजात धडकी भरलेला. हवाल्याशी काही नातं नाही, उलट ज्यानं हवाला ठेवला त्यानं हवालदिल व्हायचं काही कारण नाही असं म्हणता येईल.

नांदेडी
हे भारी. मी गंमत म्हणून आणखी एक टाकतो, बरोबर का ते मास्तर सांगतील. 'मनसुबा' आणि 'नशीब' एकाच घरचे आहेत म्हणे?

निवृत्त_मास्तर_उदगीर
बरोबर आहे. धातू न-स-ब, म्हणजे उभं करणं, रोवणं, मांडणं. आपण मांडला तो मनसुबा, बुद्धिबळातल्या मांडलेल्या डावाला पण अरबीत हाच शब्द होता. आणि आपल्या वाट्याला जे मांडून ठेवलं ते नशीब. मनसबदारसुद्धा यातलाच. आपण एकाला 'माझं' म्हणतो नि दुसऱ्याला 'काय करणार' म्हणतो.

पैठणची_लेक
फारसी-अरबीच चाललंय म्हणून आपला एक जुना मराठी शब्द घालते, 'निरवणे'. म्हणजे सोपवणे, कुणाला तरी 'हिच्याकडं बघा' म्हणून स्वाधीन करणे. तुकोबांच्या अभंगांतही हा शब्द येतो. बोलण्यात आता फक्त 'निरवानिरव' उरलाय, तोही लोक कुणाच्या शेवटच्या आजारपणातच वापरतात. आमची आजी मात्र दर आषाढीला वारीला निघताना निरवानिरव करायची, किल्ल्या आईकडं, म्हशीची धार काकूकडं, दळण कुणी आणायचं, औषध कुणी घ्यायचं, अर्धा दिवस तेच चालायचं आणि शेवटी देवघरापुढं उभं राहून म्हणायची 'आन् ह्या समद्यांला तुला निरवलं.' २०२० ला वारी बंद, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, त्या वर्षी आजी पिशवी भरून दारात बसलेली. आम्हाला वाटलं रडंल. तर ती म्हणली, "यंदा त्यानं मलाच निरवलंय तुमच्याकडं."
हवाल्यात व्यवहार दिसतो मला, निरवण्यात माया. दोन्ही ठेवा.

तुरीवाला_लातूर
आज्जीला दंडवत. मी आपला भरवशाच्या म्हशीला टोणगा लिहायला आलतो, राहू द्या.

जिंतूरकर
सगळ्यांचे आभार, एवढं निघंल वाटलं नव्हतं. काल बाबांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. निरवणे त्यांना माहीत होता, मनसुबा-नशीब ऐकून हसले. मी विचारलं, मग देणं त्याच्या अंगावर टाकलंय तर तुम्ही निवांत का? तर म्हणले, निवांतच आहे, पण सोयाबीन १५ जुलैच्या आत पडलं पाहिजे, तू शनिवारी ये. घरचं बियाणं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत, सत्तरच्या वर उगवले तर तेच पेरायचं नाहीतर जिंतूरहून बॅगा आणायच्या. काल संध्याकाळपर्यंत काहीच दिसत नव्हतं. आज सकाळी त्यांनी सांगितलं, अठ्ठावन्न मोड आलेत, उद्या परत मोजतो.