गच्चीवरच्या चीज स्टिक्स : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

(ग्रुपचे नाव : सोसायटी, फक्त महत्त्वाचे. रत्नागिरी)

सुनीताकाकू (ब-304) : सर्व सभासदांना नमस्कार. माघी गणेश जयंतीच्या कार्यक्रमाची यादी आताच वाचली. गच्चीवरच्या खाऊच्या टेबलावर पुन्हा एकदा चीज स्टिक्स ठेवण्याचे ठरले आहे, हे पाहून आश्चर्य वाटले. कोजागरीला काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. कढईतल्या कांड्या एकामागून एक फुटल्या, तेल उडाले आणि माझ्या नातीच्या मनगटावर फोड आला, त्याचा डाग अजून गेलेला नाही. मुलांना तळलेले चीजच हवे असेल तर ज्यांना त्यातले कळते त्यांनी ते करावे, एवढीच विनंती आहे. हे कोणालाही उद्देशून लिहिलेले नाही.

अनघावहिनी (अ-203) : काकू, कोणालाही उद्देशून नाही हे वाचून बरे वाटले, कारण त्या संध्याकाळी कढईपाशी मी एकटीच उभी होते. त्या दिवशी दुपारभर वीज नव्हती आणि फ्रीजरमध्ये ठेवलेल्या कांड्या नीट गोठल्याच नव्हत्या. मी तसे सांगितलेही होते. तरीसुद्धा "मुले रांगेत ताटकळली आहेत, आता सोडा तेलात" असे मागून ओरडणारी मंडळी याच ग्रुपमधली होती. त्यांची नावे मी आजही घेणार नाही.

रोहन (क-401) : वहिनी, नावे घेऊ नका, कारण त्यातले एक नाव आमच्या घरातलेच निघेल आणि मला रात्रीचे जेवण मिळणार नाही.

नानाकाका (अ-101) : कोजागरीसाठी आणलेल्या पाच लिटर शेंगदाणा तेलापैकी उरलेले तेल कोठे गेले, याचा खुलासा अद्याप झालेला नाही.

मंदारदादा (ब-102) : काकूंची काळजी रास्त आहे. मात्र पदार्थच यादीतून काढण्याऐवजी कांड्या का फुटल्या ते समजून घेतले तर बरे होईल. मोझरेला हा चीजचा प्रकार साठ अंशांच्या आसपासच मऊ होऊन वाहू लागतो, तर तळणीचे तेल 175 ते 180 अंशांवर असते. म्हणजे बाहेरचे आवरण कडक होणे आणि आतले चीज वितळणे यांची शर्यत लागलेली असते, आणि ती आवरणानेच जिंकली पाहिजे. चीज गोठलेले असेल तर आवरणाला मिनिटभराची सवड मिळते. चीज मऊ असेल, किंवा आवरणाला कोठे बारीकशी भेग राहिली असेल, तर चीज त्या वाटेने तेलात उतरते, त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेल उडते. कोजागरीला दुसरीही एक गोष्ट घडली, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शेगडी गच्चीच्या पश्चिम कठड्याला लागून होती आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने ज्योत सारखी आडवी होत होती. तेल पुरेसे तापत नव्हते. कोमट तेलात कांडी जास्त वेळ राहते, आवरण तेल पिते आणि ते कडक होण्याआधीच आतले चीज सुटते.

सुनीताकाकू (ब-304) : मंदार, माहितीबद्दल आभार. हे सर्व कोजागरीच्या दिवशी कठड्यापाशी येऊन सांगितले असते तर अधिक उपयोग झाला असता.

मंदारदादा (ब-102) : काकू, त्या वेळी मी दूध आटवण्याच्या कामावर होतो, आणि ती जबाबदारी मला आपणच दिली होती.

शालूमावशी (क-105) : वाद बाजूला ठेवून थोडे बोलते. आवरण सुटण्याचे खरे कारण विकतचा ब्रेडचा चुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या दमट हवेत पाकीट फोडल्यावर तो चुरा नरम पडतो आणि चीजला धरून राहत नाही. आपण सुरमईच्या तुकडीला जसा रवा लावतो तसाच येथे लावावा. बारीक रवा कोरडाच मंद आचेवर परतून गार करायचा आणि त्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळायचे. कांडी आधी कोरड्या मैद्यात घोळवायची, मग पातळ पिठात बुडवायची, मग रव्यात. त्यानंतर पुन्हा एकदा पिठात आणि पुन्हा रव्यात. दुसऱ्या थराचा कंटाळा करणाऱ्यांच्याच कांड्या फुटतात. कांडीची दोन्ही टोके बोटाने दाबून पाहावीत, कारण चीज बहुधा टोकातूनच बाहेर येते. मधल्या अंगाला सगळे निगुतीने पीठ लावतात आणि टोके उघडी ठेवतात.

अनघावहिनी (अ-203) : मावशी, रव्याची कल्पना चांगली आहे. मात्र मी दोन थर दिले होते, याची नोंद घ्यावी.

शालूमावशी (क-105) : घेतली. मी टोकांविषयी लिहिले आहे.

वैशालीताई (अ-302) : एक शंका आहे. कार्यक्रम गणपतीचा आहे, तेव्हा पिठात अंडे चालणार नाही हे गृहीत धरते. पण चीज दूध फाडून करताना प्राण्यांपासून मिळणारे रेनेट वापरतात, असे वाचले होते. मग ते चीज तरी चालेल काय?

सचिव : वैशालीताई, अंडे वापरायचे नाही हे पक्के आहे. परंपरेने काही चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरले जाते, हे खरे आहे. परंतु आता सूक्ष्मजीवांपासून मिळणारे रेनेटही सर्रास वापरले जाते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून चीज आणावे. सुटे चीज आणू नये.

मंदारदादा (ब-102) : अंड्याऐवजी दोन चमचे मैदा आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतके दाट पीठ करावे. त्यात मीठ, मिरपूड आणि हवे तर लसूण घालावे. चीजमध्ये मीठ असतेच, म्हणून हात आखडता ठेवावा.

नानाकाका (अ-101) : माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. कोजागरीच्या पाच लिटर तेलापैकी उरलेले तेल कोठे गेले?

रोहन (क-401) : नानाकाका, ते तेल आता भाट्याच्या खाडीत पोहोचले असावे, कारण दुसऱ्याच दिवशी ब विंगचे मोरीचे पाणी तुंबले होते.

सुनीताकाकू (ब-304) : रोहन, ब विंगमध्ये राहणाऱ्यांनी तेल मोरीत ओतले असे तुला सुचवायचे असेल तर ते स्पष्ट लिहावे. आमच्याकडे तेल मोरीत ओतण्याची पद्धत नाही.

रोहन (क-401) : काकू, मी विनोद केला होता. माफी असावी.

श्रीकांतदादा (क-203) : चीज कोणते आणायचे हे कोणी लिहिलेच नाही. गेल्या वेळी मारुती मंदिराच्या बाजूच्या एका दुकानातून स्वस्त म्हणून जो ठोकळा आणला होता, तो चीजसारखा दिसत होता एवढेच. नंतर बारीक अक्षरे वाचली तेव्हा त्यात वनस्पती तेल असल्याचे कळले. अशा पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत चीज हा शब्द दिसतोच असे नाही, तेव्हा घटकांची यादी वाचावी. त्यात दूध आधी असावे आणि पाम तेल असूच नये.

अनघावहिनी (अ-203) : श्रीकांतभावजी, तो ठोकळा कोणी आणला होता, हे आपल्याला आठवत असेलच.

श्रीकांतदादा (क-203) : खरेदीची यादी मला देण्यात आली होती आणि त्या यादीत फक्त "चीज, स्वस्तातले" असे लिहिलेले होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

शालूमावशी (क-105) : पिझ्झासाठी मिळणारा, कमी पाण्याचा मोझरेला घ्यावा. पाण्यात ठेवलेले मऊ गोळे घेऊ नयेत, ते फार ओले असतात. ठोकळ्याच्या बोटभर जाडीच्या कांड्या कापाव्यात, कोरड्या फडक्याने टिपाव्यात आणि मगच मैद्यात घोळवाव्यात. ज्यांना इतकी उस्तवार नको असेल त्यांनी प्रोसेस्ड चीजचे 25 ग्रॅमचे क्यूब किसून, उकडलेल्या बटाट्यात कॉर्नफ्लोअरसह मळून गोळे करावेत. बटाटा चीजला धरून ठेवतो. तार सुटत नाही, पण फुटण्याची भीतीही फारशी राहत नाही.

वैशालीताई (अ-302) : मग सरळ पनीर का तळू नये? ते वितळतच नाही.

रोहन (क-401) : ताई, मुलांना तार हवी असते. पनीरची तार निघाली तर ते पनीर फेकून द्यावे लागेल.

आबा (ब-201) : घाण्याचे खोबरेल तेल वापरावे. आमच्या लहानपणी सगळे त्यातच तळत असत आणि कोणाच्याही हातावर फोड येत नसे.

मंदारदादा (ब-102) : आबा, खोबरेल उत्तम आहे, पण घाण्याचे तेल साधारण 175 अंशांच्या आसपास धुरावू लागते आणि आपल्याला तळण्यासाठीच तेवढे तापमान लागते. येथे रिफाइंड शेंगदाणा तेल बरे. तापमापक नसेल तर पावाचा लहान तुकडा टाकून पाहावा. तो लगेच वर आला आणि साधारण मिनिटभरात तांबूस झाला, तर तेल तयार आहे असे समजावे. एका वेळी चार-पाचच कांड्या सोडाव्यात. जास्त सोडल्या की तेल थंड पडते आणि पुन्हा कोजागरी होते.

सुनीताकाकू (ब-304) : आणि आग लागली तर काय करायचे, याचा विचार कोणी केला आहे काय? दुधाने तोंड पोळले म्हणून मी ताक फुंकते आहे, असे कोणाला वाटत असेल तर वाटो.

सचिव : काकू, केला आहे. कढईपेक्षा मोठे सपाट झाकण शेगडीच्या शेजारी ठेवले जाईल. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवून गॅस बंद करायचा. त्यावर पाणी मुळीच ओतायचे नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि त्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1700 पट वाढते, त्यामुळे पेटते तेल चहूकडे उडते. शेगडी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला असेल, तेथे वारा लागत नाही. मुले दोरीच्या अलीकडे उभी राहतील आणि दोरीपाशी सुनीताकाकूंनी स्वतः थांबावे, अशी विनंती आहे.

सुनीताकाकू (ब-304) : विनंती मान्य आहे. म्हणजे तळण्यावर लक्ष ठेवायला मी लागतेच, असा त्याचा अर्थ झाला.

नानाकाका (अ-101) : सर्व विषयांवर उत्तरे मिळत आहेत. तेलाच्या विषयावर मात्र सचिव मौन पाळून आहेत. उरलेले तेल कोठे गेले?

नानीकाकू (अ-101) : अहो, ते तेल आपल्याच घरी होते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सचिवांनी गाळून बरणीत दिले आणि आपण आठवडाभर त्यातच बटाटेवडे आणि बांगडे खाल्ले. आता हा प्रश्न पुन्हा विचारू नका.

रोहन (क-401) : खाडीविषयीचे माझे विधान मी मागे घेतो.

नानाकाका (अ-101) : खुलासा मिळाला. तथापि, असे तेल पुन्हा पुन्हा तापवणे आरोग्यास घातक आहे, याचीही नोंद व्हावी.

मंदारदादा (ब-102) : नाना, एकदा वापरलेले तेल गाळून काही दिवसांत संपवले तर चिंतेचे कारण नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी तर नियमच आहे. 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातील टोटल पोलर कंपाउंड्सचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरता येत नाही. घरी ते मोजता येत नाही, म्हणून तेल काळे पडले, त्याला फेस येऊ लागला किंवा ते लवकर धुरावू लागले की ते टाकून द्यावे. टाकतानाही मोरीत ओतू नये. थंड झाल्यावर बाटलीत भरून, बूच घट्ट लावून द्यावे.

सचिव : आता कामांची वाटणी करू. चीजची खरेदी वैशालीताईंकडे, त्यांनी घटकांची यादी वाचूनच घ्यावे. रवा भाजण्याचे काम शालूमावशींकडे. कांड्या करणे आणि तळणे अनघावहिनींकडेच राहील. कांड्या आदल्या रात्री करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे दुपारी वीज गेली तरी घट्ट भरलेला आणि न उघडलेला फ्रीजर काही तास थंडावा टिकवतो. एवढ्या कांड्या एका फ्रीजरमध्ये मावणार नाहीत. श्रीकांत, तुमचा मोठा फ्रीजर द्याल काय?

श्रीकांतदादा (क-203) : देईन, पण त्यात सध्या बांगडे आणि कोलंबी आहे.

वैशालीताई (अ-302) : गणपतीच्या कार्यक्रमाचा पदार्थ बांगड्यांशेजारी ठेवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. चीज वास फार लवकर ओढते, हे निराळे.

श्रीकांतदादा (क-203) : मग बांगडे कोणाच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे, तेही कृपया येथेच ठरवावे.

आबा (ब-201) : बांगडे आमच्याकडे पाठवावेत. परत मिळतीलच असे नाही.

अनघावहिनी (अ-203) : माझा फ्रीजर मी रिकामा करते. कांड्या एकावर एक न ठेवता ताटात सुट्या मांडून आधी कडक होऊ देईन आणि मगच डब्यात भरीन. त्या दिवशी कढईजवळ मंदार आणि शालूमावशी यांच्याशिवाय कोणीही येऊ नये, आणि कोणीही मागून काही सुचवू नये.

शालूमावशी (क-105) : मी येईन. टोके मीच पाहीन.