दहावीच्या परीक्षेची ड्युटी आलीय, पाय उचलत नाही. मराठीत बोलता येईल असं कुणी आहे का?

नमस्कार. कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. कोरोनामुळं यंदा (२०२१) १९ आणि २२ जुलैला दहावीची परीक्षा, तिथं सुपरवायझर म्हणून माझी ऑर्डर आलीय.

१७ एप्रिलला लोकसभा पोटनिवडणुकीची ड्युटी केली. चार दिवसांनी अंग मोडून आलं, टेस्ट पॉझिटिव्ह. मी घरीच बरी झाले. सासूबाई मे महिन्यात गेल्या. घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही. नवरा तर म्हणतो, "तू काय मुद्दाम आणलंस?" त्या 'मुद्दाम'वरच माझी झोप उडते. म्हणजे आणलं मीच ना? माहेर महाराष्ट्रात चंदगडला, शिनोळीच्या सीमा नाक्यापलीकडं. परत येताना आरटीपीसीआर मागायचे, म्हणून तेव्हा जाताही आलं नाही.

लशीचा पहिला डोस एप्रिलमध्येच झाला. नंतर आजारी पडले, त्यामुळं दुसरा बरं झाल्यावर तीन महिन्यांनी, म्हणजे परीक्षा उरकल्यावर. एका खोलीत बाराच मुलं बसवणार म्हणे, ते बरं. पण आमच्याकडचा जुलैचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे! खिडक्या उघडल्या तर उत्तरपत्रिका भिजणार, लावल्या तर हवा कोंडणार. कुणी काय केलंय?

दुसरं मनाचं. कुणी खोकलं की धडधडतं. गेल्या वर्षी विद्यागममध्ये (शाळा बंद असताना गावातच वर्ग घ्यायची सरकारी योजना) देवळाच्या कट्ट्यावर पोरं घेऊन बसायचे, तेव्हाही भीती होतीच, पण पोरांत विसरायला व्हायचं. कन्नड मला येतं, परिपत्रकं वाचते, मीटिंगला बोलते. सासूबाईंचं मात्र कन्नडमध्ये सांगवत नाही. ड्युटी रद्द करून मागावी का? सहकारी म्हणतात, सगळ्यांच्याच घरी झालंय. तेही खरंच आहे.

प्रतिसाद:
बाई, मी चिकोडीकडचा, हायस्कूलला. ज्या बाजूनं झड येते तिकडच्या खिडक्या लावा, समोरच्या आणि दार सताड उघडं. आदल्या दिवशी जाऊन बेंच भिंतीपासून आत ओढून घ्या. मनोदर्पण या केंद्र सरकारच्या मानसिक आधार हेल्पलाइनचा ८४४८४४०६३२ हा नंबर शिक्षकांसाठीही आहे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा ०८०-४६११०००७. फोन लागला की आधी मराठी बोलणारं कुणी आहे का ते विचारा. ड्युटीचं तोंडी सांगू नका. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला अर्ज द्या आणि पोच घ्या. मी गेल्या वर्षी नुसतं सांगून बसलो होतो, ऑर्डर आली ती आलीच.

धागाकर्ती:
झोप लागत नाही एवढ्यावर डॉक्टर चिठ्ठी देतात का हो? उद्या आधी फोन लावते.