हेलिक्स टोचायचंय, पिअर्सर कसा निवडू? आणि दरात एवढा फरक का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे बुगडी घालतात ना तिथे, टोचून घ्यायचंय. पुण्यात चौकशी केली आणि गोंधळूनच गेले. आमचे सोनारकाका 300 म्हणतात, एका दुकानात गनने 700, आणि स्टुडिओवाला साडेतीन हजार सांगतो, त्यात दागिना धरलाय की नाही तेही नीट बोलला नाही. आई म्हणते बाराव्या दिवशी तुझे कान सोनारानेच टोचले, काय झालं तुला? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

चिमणचारा:
गनच्या वाटेला जाऊ नकोस गं, हात जोडते. मी कॉलेजला असताना 600 रुपयात हेलिक्स केलं, गनने. चौथ्या दिवशी कान लालबुंद आणि गरम, उशीला टेकवता येईना, शेवटी ईएनटीकडे जाऊन पू काढावा लागला, अँटिबायोटिक्स, चार चकरा, सगळे मिळून सहा हजारांच्या वर गेले आणि कानाची कड अजून जराशी चुरगळल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणाले कुर्चेला (कानाच्या कडेतलं ते लवचिक, मऊ हाडासारखं असतं ना) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथलं इन्फेक्शन चिवट असतं.

भिकबाळी:
गन म्हणजे बोथट टोकाचा स्टड जोरात आत घुसवायचा. कानाच्या पाळीत एकवेळ खपून जातं, कुर्चेला मार बसतो. शिवाय गनची बॉडी प्लास्टिकची, ती ऑटोक्लेव्हमधे (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) घालताच येत नाही, नुसती स्पिरिटने पुसतात.
आता पैशाचं. मी मागच्या वर्षी केलं, टोचायचे 1500, टायटॅनियमच्या दागिन्याचे 1800, दीड महिन्याने छोटी दांडी बसवली तिचे 700. म्हणजे चार हजार. सूज येणार म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालतात, सूज उतरली की ती बदलावीच लागते, नाहीतर अडकत राहते आणि भोक तिरकं होतं. हा खर्च आधीच विचारून घे, बरेच जण तोंडून काढत नाहीत.
दागिना इम्प्लांट ग्रेड टायटॅनियमचाच माग, म्हणजे शरीरात बसवायला चालतं ते, त्याच्या मानकाचा नंबर एएसटीएम एफ136. 'सर्जिकल स्टील' ऐकायला भारी वाटतं पण त्यात निकेल असतं, खोट्या कानातल्यांनी खाज येत असेल तर नकोच.
माझ्या पिअर्सरने पेनाने ठिपका काढला, आरसा हातात दिला, मला पटेना तर दोनदा पुसून परत काढला. मग पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललाय ते दाखवलं (ऑटोक्लेव्हमधून गेलं की बदलतो) आणि सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. असा माणूस शोध. ऑटोक्लेव्हच्या स्पोअर टेस्टचा (यंत्र खरंच जंतू मारतंय का ते तपासतात) रिपोर्ट बिनधास्त माग, आणि फोटो बघायचे ते सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या कानांचे, त्याच दिवशीचे तर सगळेच छान दिसतात.

रानजाई:
बापरे, बरं झालं विचारलं. मग सोनारकाका पण नकोतच का?

भिकबाळी:
पाळीसाठी काकांचा हात चांगलाच असणार, माझ्या भाचीचे सोनारानेच टोचलेत. पण तार कशात निर्जंतुक करतात ते विचार. कुर्चेला मात्र पोकळ सुईच हवी.

सायली_कोथरूड:
टोचल्यावरचं कोणी लिहिलंच नाही अजून. मेडिकलमधून 0.9 टक्केवालं नॉर्मल सलाइन आण, स्वस्त मिळतं, दिवसातून दोनदा तेवढंच. हळद-खोबरेल, डेटॉल काही नको, दागिना गोल गोल फिरवायचा नाही आणि त्या कुशीवर झोपायचं नाही. पाळी दीड-दोन महिन्यात भरते, हेलिक्सला सहा महिने ते वर्ष धरून चाल. आणि गाडीवर जातेस का? माझं भरत आलेलं हेलिक्स हेल्मेट काढताना अडकलं, डोळ्यांतून पाणीच आलं. परत दोन महिने मागे गेले. स्कार्फचा पण धागा गुंततो, आत सुती टोपी घाल.

रानजाई:
रोज कात्रज ते शिवाजीनगर गाडीच आहे 😟 टोपी आजच घेते. शनिवारी आईला घेऊन स्टुडिओत जातेय, नुसतं बघायला, पाकीट आणि दांडीचे पैसे दोन्ही विचारते आणि इथेच येऊन सांगते.