कॉम्प्युटरच्या वॉटर कूलरचा रेडिएटर: पुढे की वर?

अकोल्याचा_गेमर
अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. संध्याकाळीसुद्धा खोली ३५ च्या खाली येत नाही. सीपीयूला (मुख्य प्रोसेसरला) पाण्याने गार ठेवणारा वॉटर कूलर कितीही महाग असो, तो पाणी खोलीपेक्षा गार करू शकत नाही. म्हणून इथे एकेका अंशाला किंमत आहे, आणि माझं मत ठाम आहे: ३६० मिलिमीटरचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) कॅबिनेटच्या वरच लावावा, पंखे हवा बाहेर फेकणारे. पुढचे तीन पंखे मोकळे, आत हवा घेणारे. मागे हवा बाहेर फेकणारा एक पंखा.

खेळताना खरी भट्टी ग्राफिक्स कार्डाची असते. आरटीएक्स ४०९० या कार्डाची मर्यादा ४५० वॅट. रायझन ७ ७८००एक्स३डी या सीपीयूचा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) १२० वॅट, आणि गेममध्ये तो शंभराच्या आतच राहतो. मग ताजी हवा आधी कोणाला मिळायला हवी? पुढे रेडिएटर लावला की कार्डाच्या तोंडावर सीपीयूने तापवलेली हवा येते. शिवाय गरम हवा वरच जाते.

रात्रभर_रेंडर
अजिबात पटलं नाही. आधी ते ‘गरम हवा वर जाते’ बाजूला ठेवा. इतके पंखे फिरत असताना हवा पंखा ढकलेल तिकडे जाते, तिच्या आपोआप वर चढण्याला काही जोर उरत नाही.

आता गणित. रेडिएटरमधून मिनिटाला १०० घनफूट हवा जाते असं धरा, म्हणजे सेकंदाला ४७ लिटर. एवढा प्रवाह एक अंशाने तापवायला साधारण ५४ वॅट लागतात. गेममध्ये सीपीयू ८० वॅट खात असेल तर पुढच्या रेडिएटरमधून आत येणारी हवा तापली किती? दीड अंश. कार्डाला तेवढ्याने काहीही होत नाही.

माझं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर रेंडरचं, म्हणजे दृश्यांची अंतिम चित्रं बनवण्याचं आहे. माझा सीपीयू आय७-१४७००के २५३ वॅटपर्यंत जातो, तेही तासन्‌तास. माझ्या रेडिएटरला खोलीतली हवा थेट मिळालीच पाहिजे.

अकोल्याचा_गेमर
गरम हवेचा मुद्दा मागे घेतो, तुमचं बरोबर आहे. पण तुमचंच गणित पुढे न्या. रेंडर सीपीयूवर चालू असताना कार्ड जवळपास रिकामं बसलेलं असतं. मग वरच्या रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा तापवणार कोण? ती खोलीतल्याइतकीच असते. फरक पडतो तो दोघांवर एकदम भार आल्यावर, आणि तेव्हा पुढचा रेडिएटर २५३ वॅट कार्डावर सोडतो. म्हणजे पावणेपाच अंश.

धूळवारा
दोघेही अंशांवर भांडताय, कूलरचं पाणी फिरवणाऱ्या पंपाचं कोणीच बोलत नाही. कूलरच्या बंद लूपमधलं (सीलबंद फेऱ्यातलं) पाणी रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं हळूहळू उडतं आणि त्या जागी हवा साठते. ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर वर असेल तर हवा तिथेच राहते, पंप सुखरूप. पुढे लावायचाच असेल तर त्याचा माथा पंपापेक्षा उंच हवा, आणि नळ्या शक्यतो खालच्या टोकाला. नळ्या वर ठेवल्या तर कालांतराने गुळगुळ आवाज सुरू होतो. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला आणि पंप त्याच्या वर, असं मात्र कधीच करू नका.

आणि गेमरभाऊ, तुमच्या मांडणीत वरचा सगळ्यात पुढचा पंखा तपासा. पुढून आलेली गार हवा कार्डापर्यंत पोचायच्या आधीच तो वर ओढून बाहेर टाकतो. त्याचा वेग कमी ठेवा, पुढच्या पंख्यांचा वाढवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडते. ती जाळी मात्र नियमित धुवा, नाहीतर रेडिएटर कुठे लावला याला काही अर्थ नाही.

रात्रभर_रेंडर
नळ्यांचं मान्य, माझ्या खालीच आहेत. पण दोघांवर एकदम भार येणं माझ्याकडे रोजचं आहे: एका बाजूला सीपीयूवर सिम्युलेशन, दुसरीकडे कार्डावर रेंडर. कार्ड ३०० वॅट सोडत असेल तर वर लावलेल्या रेडिएटरला साडेपाच अंश जास्त गरम हवा मिळणार. सीपीयू आधीच तापून स्वतःचा वेग कमी करण्याच्या काठावर असतो, कार्डाला अजून वाव असतो. म्हणून पावणेपाच अंशांचा बोजा मी कार्डावरच टाकीन. माझा रेडिएटर पुढेच राहणार.

अकोल्याचा_गेमर
तुमच्या कामाला ते जुळत असेल. पण नवीन मशीन बांधणारे बहुतेक जण गेमसाठीच बांधतात, त्यांना मी वरच लावायला सांगणार. वरच्या पुढच्या पंख्याचा वेग आजच कमी करतो. कार्डाचा आकडा किती खाली आला ते इथेच टाकतो, खोलीच्या तापमानासकट.